रेट्रो किचनचा व्यवसाय: आधी एक सुटं कपाट विका

बडोद्यातल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. ती फाइन आर्ट्समध्ये शिकलेली, कापडावरच्या छपाईचं आणि रंगांचं काम करते. तो एका इंटिरिअर ऑफिसात ड्रॉइंग करतो आणि कारेलीबागेतल्या घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने लाकूडकाम करतो. दोघांना मिळून जुन्या धाटणीच्या, रेट्रो वळणाच्या किचन कॅबिनेटचा व्यवसाय सुरू करायचा आहे. जवळ १२ लाखांची बचत आहे. विचारलं आहे ते असं: मकरपुऱ्यात जागा भाड्याने घेऊन बोर्ड कापणारी पॅनल सॉ आणि कडांना पट्टी चिकटवणारं एज बँडिंग मशीन घ्यावं का? अलकापुरीत छोटं शोरूम लागेल का? आणि १९५० च्या अमेरिकन किचनमधले पुदिना हिरवा, लोणी पिवळा, फिकट निळा हे रंग इथल्या घरांत चालतील का?

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मी आणि माझे मिस्टर बरीच वर्षं किचन फर्निचरचं वर्कशॉप चालवतो, त्यामुळे या वाटेवरची प्रत्येक पायरी ओळखीची आहे. आधी थेट उत्तरं देते. मशीन आत्ता घेऊ नका. शोरूम तर मुळीच नको. रंग चालतील, पण ते शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. आणि तुम्ही विचारलं नाहीत ते सगळ्यात महत्त्वाचं: पहिलं वर्ष-दीड वर्ष पूर्ण किचनची ऑर्डर घेऊ नका. भिंतीला टेकवून ठेवता येईल, दोन भागांत उचलता येईल असं स्वयंपाकघरातलं एक सुटं कपाट बनवा आणि तेच विका.

यामागे हिशेब आहे, आणि तुम्हाला ज्या जुन्या वळणाची ओढ आहे त्याचा इतिहासही आहे.

हिशेब आधी. आपल्याकडे किचनचा भाव स्क्वेअर फुटावर ठरतो. गिऱ्हाईक बसल्या बसल्या विचारतं, "शटरचा स्क्वेअर फुटाला रेट काय?" शटर म्हणजे कपाटाचं दार. तुम्ही चौकटीचं शटर दाखवा, पितळी कब्जे दाखवा, घोटून घोटून आणलेला रंग दाखवा, कागदावर तुमचा आकडा लॅमिनेटच्या डब्यांच्या आकड्याशेजारी जाऊन बसतो आणि तिथे तुम्ही महागच ठरता. मशीनवर दिवसाला शंभर शटर काढणाऱ्या कारखान्याशी त्या कागदावर दोन माणसं जिंकू शकत नाहीत. सुट्या कपाटाला मात्र नगाचा भाव असतो. पैठणीचा भाव जसा कोणी मीटरवर विचारत नाही, तसं आहे हे. कपाट आवडलं तर माणूस एक आकडा ऐकतो आणि हो किंवा नाही म्हणतो.

दुसरं म्हणजे पूर्ण किचन तुमच्या हातात नसतं. ओट्याचा ग्रॅनाइट कधी बसणार हे फरशीवाल्यावर, सिंकची लाइन प्लंबरवर, चिमणीचं भोक बिल्डरवर आणि भिंत ओळंब्यात आहे की नाही हे देवावर. तुमचा माल तयार होऊन शेडमध्ये पडून राहतो आणि शेवटचा हप्ता अडकतो. १२ लाखांची बचत अशा दोन-तीन साइटवर अडकली की चौथ्या महिन्यात कारागिरांचा पगार घरखर्चातून जायला लागतो. आमच्या धंद्यात नवी माणसं बंद पडतात ती बहुतेक इथे, कामात कमी पडून फार थोडी. सुटं कपाट शेडमध्ये सुरू होतं, शेडमध्येच संपतं, टेम्पोत चढतं आणि पैसे देऊन जातं.

आता इतिहास. भिंतीत बसवलेल्या अखंड किचनचा जो पहिला मोठा नमुना मानला जातो तो फ्रँकफर्टचा, १९२६ चा. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी तो आखला आणि त्या शहराच्या नव्या वसाहतींत सुमारे १०,००० घरांत बसला. त्याचे दरवाजे निळसर हिरव्या रंगाचे होते, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. अमेरिकेत त्याआधी पुष्कळ घरांत होती ती सुटी कपाटं, इंडियाना राज्यातली हूझियर नावाने ओळखली जाणारी: वर पिठाचा डबा आणि त्याला चाळणी, मधे बाहेर ओढता येणारी फळी, खाली खण. भिंतीतली कॅबिनेटं आली तशी ती मागे पडली.

आणि आपल्याकडे? १९५० साली बडोद्यातली बहुतेक घरं बसून स्वयंपाक करत होती. चूल, शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह, समोर पाट. इंडेनचा पहिला सिलिंडर १९६५ साली कोलकात्यात दिला गेला आणि गॅस आल्यावर हळूहळू ओटा उभा राहिला. म्हणजे ज्या दशकाचे रंग तुम्ही परदेशी चित्रांत पाहता, त्या दशकात आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखालची कॅबिनेटं नव्हतीच. होतं ते दुभत्याचं कपाट. चार पायांवर उभं, तिन्ही बाजूंना जाळी, आत दूध-दही-लोणी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. शेजारी भांड्यांची मांडणी, भिंतीत फडताळ, पिण्याच्या पाण्याला घडवंची. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या ज्या वाड्यांत अजून आजीची पिढी आहे तिथे यातलं काहीतरी आजही सापडेल, बहुधा माळ्यावर किंवा मागच्या पडवीत, त्यात जुनी वर्तमानपत्रं भरलेली.

माझं ठाम मत आहे की तुमचा पहिला माल हे दुभत्याचं कपाट असावं. मराठी घरात ते पाहिल्यावर समजावून सांगावं लागणार नाही, आणि गुजराती शेजारणीलाही ते लगेच कळेल, कारण त्यांच्याकडेही तशीच जाळीची कपाटं होती. आज त्यात दूध राहणार नाही, ते फ्रिजमध्ये गेलं. आज त्यात कांदे-बटाटे, लसूण, फळं, पावाचा डबा, लोणच्याच्या बरण्या राहतील. म्हणजे हवा लागायला हवी असलेल्या त्या सगळ्या वस्तू ज्या मॉड्युलर किचनच्या बंद खणात कुजतात. बिनहवेच्या किचनमध्ये आज खरोखर एक गरज उरलेली आहे आणि तुमचं कपाट ती भागवतं. नुसती आठवण विकून धंदा फार लांब जात नाही.

मापं. दोन तुकडे करा: खालचा भाग ओट्याच्या उंचीला, ३३-३४ इंच, वरचा साधारण तेवढाच. रुंदी ३६ इंच. असं कपाट कोणत्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये जातं आणि वाड्याच्या अरुंद जिन्यानेही चढतं. खोली, म्हणजे कपाटाचं पुढून मागपर्यंतचं माप, मात्र विचार करून ठरवा. प्लायवूडचा शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. तुम्ही खोली १६ इंच धरलीत तर ती ४०६ मिलिमीटर होते. तीन पट्ट्या १२१८ आणि वर करवतीच्या दोन कापांचे मिळून सात-आठ मिलिमीटर. तिसरी पट्टी निघत नाही. तीच खोली साडेपंधरा इंच करा, ३९४ मिलिमीटर, आणि तीन पट्ट्या निघून कडा साफ करायलाही जागा उरते. अर्ध्या इंचाचा फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण प्रत्येक शीटमागे एक अख्खी पट्टी वाचते. डिझाइन करणाऱ्या माणसाने शीट डोळ्यांपुढे ठेवून रेघ मारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असं मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

मशीन का नको, तेही यातच आलं. कटिंग आणि एज बँडिंग जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर मजुरी देऊन, करून मिळतं. तुम्ही कट-लिस्ट, म्हणजे तुकड्यांच्या मापांची यादी द्यायची, शीट पाठवायचे, कापलेले आणि कडा लावलेले तुकडे परत आणायचे. महिन्याला चार-पाच कपाटांसाठी पॅनल सॉ घेणं म्हणजे मशीनला काम पुरवण्यासाठी नको त्या ऑर्डरी घेणं. पैसे घालायचेच असतील तर लाकडात खाचा कोरणारा चांगला राउटर, चांगला रंधा, शिकंजे भरपूर आणि धूळ ओढणारं यंत्र यांत घाला. चौकटीच्या शटरचं काम तुमच्या हातातच राहायला हवं, कारण कपाटाची ओळख तिथेच आहे.

चौकटीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण रेट्रो काम बिघडतं ते इथेच. जुन्या कपाटाचं दार चौकटीच्या आत बसतं, आजच्या मॉड्युलरसारखं कपाटाच्या पेटीवर चढत नाही. आत बसणाऱ्या दाराला चारी बाजूंनी सारखी फट लागते आणि ती डोळ्याला लगेच दिसते. प्लाय किंवा बोर्डाच्या दाराला दोन मिलिमीटर ठेवा. लाकडाच्या चौकटीला तीन. बडोद्यात मे महिन्यात हवा कोरडी, पारा ४२ च्या वर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओलसर. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि मे महिन्यात चापून बसवलेलं दार श्रावणात उघडत नाही. चौकटीतली मधली फळी कधीही चिकटवू नका, खाचेत मोकळी सोडा, दोन-तीन मिलिमीटर हलायला वाव द्या. आणि लाकूड सिझन केलेलं, म्हणजे नीट वाळवलेलंच घ्या.

आतून बसणाऱ्या दाराला लपलेली बिजागरी वापरणार असाल तर दुकानात १६ क्रँक मागायची (क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक); पेटीवर चढणाऱ्याला झिरो, मधल्या समाईक बाजूला आठ. बिजागरीच्या गोल कपासाठी दारात भोकं ३५ मिलिमीटर. पण जाळीच्या कपाटाला मला बाहेर दिसणारे पितळी कब्जेच आवडतात. त्यात एक अट आहे: कब्ज्याचा स्क्रू प्लायच्या कडेत मारला तर वर्षभरात ढिला पडतो. त्यासाठी समोरची चौकट अखंड लाकडाची हवी. पितळी सामान जामनगरहून येतं, दर्जा सगळ्या प्रकारचा मिळतो; कब्जा हातात घेऊन पिन हलवून बघितल्याशिवाय मोठी खरेदी करू नका.

लाकूड कुठलं? समोरच्या चौकटीला आणि पायांना साग. वलसाडी साग आपल्या जवळचा, महाग पण खात्रीचा. जुने वाडे पाडून निघालेला सागही मिळतो आणि या कामाला तो फार चांगला, कारण अनेक दशकं वाळलेला असतो. मात्र त्यात खिळे असतात, वरून न दिसणारे. रंध्यात घालण्याआधी लोहचुंबक फिरवा, वाळवीची पोकळी ठोकून ऐका, आणि बिलाशिवाय घेऊ नका. जुन्या लाकडाचं कपाट वेगळ्या नावाने, वेगळ्या किमतीने, मोजक्या नगांत काढा; तसा साग पुन्हा मिळेलच असं नसतं, त्यामुळे नेहमीच्या मालाचं वचन त्यावर देता येत नाही.

पेटीला प्लाय. इथे पैसे वाचवू नका. आयएस ७१० या भारतीय मानकाचं प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकलं पाहिजे अशी त्या मानकातली चाचणी आहे. आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर दर्जाचं आठ तासांचं. त्याच ३०३ मधलं एमआर, ज्याला बाजारात कमर्शियल म्हणतात, ते स्वयंपाकघरात आणूच नका. शीटवर नुसतं ७१० छापलेलं असणं पुरेसं नाही; आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

बडोद्यात याला आणखी एक कारण आहे, विश्वामित्री नदी. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांनी समा, अकोटा, मुजमहुडा, वडसरच्या तळमजल्यांवर पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनवलेल्या एमडीएफ बोर्डाची खालची कॅबिनेटं फुगून, पदर सुटून रस्त्यावर ढिगात पडली होती. दोन भागांत सुटणारं, दोन माणसांनी उचलून ओट्यावर किंवा वरच्या मजल्यावर नेता येणारं कपाट ही इथे खरी सोय आहे. गिऱ्हाइकाला ती आवर्जून सांगा. त्यासाठी दोन भाग खिळ्यांनी जोडू नका, लाकडी खुंट्यांवर बसवा आणि मागून दोन स्क्रू. खालच्या भागाचे पाय सहा इंच ठेवा. पोछा मारता येतो, वाळवी दिसते, आणि कपाट डौलदार दिसतं ते त्या पायांमुळेच.

जाळी स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची. साधी जस्त चढवलेली दोन पावसाळ्यांत गंजते. पितळी सुंदर दिसते पण काळवंडते, ती मागणाऱ्यालाच द्या. जाळी कधी दाबून पक्की करू नका, आतून स्क्रूने सुटणाऱ्या पट्टीत धरा, म्हणजे धुता येईल आणि बदलता येईल. गॅसपासून हे कपाट निदान चार फूट लांब ठेवायला सांगा. फोडणीचा तेलकट धूर जाळीत बसला की वरून धूळ चिकटते आणि मग ते निघत नाही. वेताची विणलेली जाळी सध्या लोकप्रिय आहे. आपल्या उन्हाळ्यात ती कोरडी पडून तडकते. बैठकीत ठीक, स्वयंपाकघरात नको.

आता रंग, म्हणजे तुमचा प्रांत. ज्या फिकट हिरव्याची तुम्हाला ओढ आहे तो आपल्याकडे ऑइलपेंटच्या रूपात होताच. जुनी जाळीची कपाटं हिरवी, आकाशी, राखाडी अशीच रंगवलेली असायची, वर्षानुवर्षं एकावर एक हात चढवून. एखादं जुनं कपाट मिळवा आणि कोपऱ्यात पातीने थर खरवडा. तुम्हाला हवी ती पूर्ण रंगमालिका त्या एका जागी दिसेल. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं तुम्ही विद्यार्थी असताना पाहिली असतील. आता रंगांच्या जोड्या टिपायला पुन्हा जा. या शहराकडे स्वतःचं एवढं असताना बाहेरून उचललेली रंगांची पत्रिका कशाला?

लावायला दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग घ्या, अर्धवट चमकेच्या साटन फिनिशमध्ये. अगदी मॅट घेतलात तर हळदीचा हात लागला की डाग आत शिरतो. फिकट रंगावर हळद लागणारच, ती ओल्या कपड्याने लगेच पुसायची. राहिलेला पिवळेपणा उन्हाने पुष्कळसा उडतो, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. चौकटीच्या आतल्या कडा काटकोनात सोडू नका, तिरप्या किंवा गोल करा, नाहीतर त्या खाचेत तेल आणि पीठ साठतं आणि दोन वर्षांत तुमचा सुंदर हिरवा कोपऱ्यांतून काळा दिसायला लागतो. रंगाचं शटर जोडलेल्या लाकडाचं असेल तर सांध्यावर केसाएवढी रेघ उमटते, रंग कितीही भारी असो. त्यामुळे रंगीत दार एचडीएचएमआर, म्हणजे ओल सोसणाऱ्या दाट बोर्डात एकसंध कोरून काढा आणि लाकडाची चौकट पॉलिशमध्ये तशीच दिसू द्या. पावसाळी, कुंद दिवशी स्प्रे करू नका, चमक मरते.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसाला अपाय करतं आणि एकदा त्याची अॅलर्जी जडली की पुढे थोड्या वासानेही दम लागतो. कारेलीबागेतल्या घरामागच्या शेडमध्ये, घरात माणसं असताना, तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नका. रंगाचं काम स्प्रे बूथ असलेल्याकडे जॉबवर्कवर द्या. स्वतः करायचं असेल तर योग्य कार्ट्रिजचा मास्क, हवा खेचणारा पंखा आणि घरापासून वेगळी जागा, यात तडजोड नाही.

पाय आणि मुठी कुठून आणायच्या हे माझ्या मनात पक्कं आहे: संखेडा. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर खराद्यांचं, म्हणजे लाकूड गोल कातणाऱ्यांचं गाव, सागावर लाखेचं काम, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. घरोघरचे झोपाळे आणि पाळणे तुम्ही पाहिले आहेत, तपकिरी-लाल आणि सोनेरी. तिथल्या खराद्याकडून कपाटाचे चार पाय आणि मुठी तुमच्या रंगात करून घ्या. लाख उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटने विरघळते, म्हणून गॅसशेजारच्या खणाला ती मूठ नको. जाळीच्या कपाटाला काही अडचण नाही. यातून तुमचं कपाट लांबून ओळखू येईल, आणि ज्या कामाला दिवाणखान्याबाहेर फारसं कोणी नेलं नाही त्याला नवी जागा मिळेल. कारागिराला दर ठरवताना घासाघीस करू नका आणि विकताना त्याचं गाव लिहा.

किंमत. इथे कलावंत माणसं हमखास स्वतःला विसरतात, म्हणून आकडे घालून दाखवते. हे निव्वळ उदाहरण आहे. समजा सामान १६,०००, मजुरी १०,०००, रंग-पॉलिश ६,०००, वाहतूक आणि बसवणी २,०००. झाले ३४,०००. यात जागेचं भाडं, वीज, फोन, वाया गेलेला माल आणि तुम्हा दोघांचा पगार यांचा नगामागचा वाटा घाला, धरू ८,०००. खर्च ४२,०००. आता २५ टक्के नफा हवा म्हणून ४२,००० वर २५ टक्के चढवले तर ५२,५०० होतात. पण विक्रीच्या किमतीत २५ टक्के तुमचे राहायला हवे असतील तर किंमत ५६,००० हवी. नगामागे साडेतीन हजारांचा हा फरक पुष्कळ जण धंद्यात मुरेपर्यंत लक्षातच घेत नाहीत. त्यावर लाकडी फर्निचरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,०८०. गिऱ्हाइकाला आकडा सांगताना करासकट सांगा.

जीएसटीची नोंदणी नुसत्या वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. पण तुमचं कपाट पुण्या-मुंबईला जाणारच, आणि राज्याबाहेर माल विकायचा तर पहिल्या नगापासून नोंदणी लागते. ती आधीच करून टाका. ५० टक्के ऑर्डरसोबत, ४० टक्के गाडीत चढवण्यापूर्वी, १० टक्के बसवल्यावर, असा करार ठेवा आणि ओळखीच्या माणसालाही तोच कागद द्या. बडोद्याचं मराठी जग लहान आहे. पहिली पाच गिऱ्हाइकं मावशी-आत्याच्या नात्यातलीच निघतील, आणि ज्याला सवलत दिलीत त्याचा भाव सगळ्या गोतावळ्यात फिरेल.

आणखी एक काम फोटो टाकण्यापूर्वीचं. कपाटाच्या रूपाचं वेगळेपण जपायचं असेल तर डिझाइन अॅक्ट २००० खाली नोंदणी होते, दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढवता येणारी. पण डिझाइन आधीच सगळ्यांसमोर आलेलं असलं तर नवेपणा संपतो आणि नोंदणी टिकत नाही. म्हणून अर्ज आधी, इन्स्टाग्राम नंतर. दुभत्याचं कपाट हा प्रकार कोणाच्याच मालकीचा नाही हेही लक्षात असू द्या. तुमचं असेल ते तुमचं खास रूप, तुमची ठेवण.

शोरूमऐवजी पहिलं कपाट स्वतःच्या स्वयंपाकघरात ठेवा आणि रोज वापरा. एक मे आणि एक ऑगस्ट त्याला तुमच्या घरात काढू दे. दार कुठे घासतं, कुठला कोपरा काळा पडतो, कांद्याची सालं कुठे साठतात, हे कुठलंही ड्रॉइंग सांगणार नाही. गिऱ्हाइकाला घरी बोलवा, चहा द्या, त्या कपाटातून साखरेचा डबा काढा. तो चालू संसारातला फोटो दिव्यांखालच्या फोटोपेक्षा जास्त विकतो, हा आमचा अनुभव आहे.

दोघांबद्दल. नवरा-बायकोच्या धंद्यात डिझाइनवरून होणारी भांडणं निरोगी असतात, पैशावरून होणारी नसतात. म्हणून शेवटचा शब्द कुणाचा ते कामागणिक वाटून घ्या. तुमच्या बाबतीत मला वाटतं रंग, रूप आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तिच्याकडे. मापं, कारागीर आणि खरेदी त्याच्याकडे. किंमत मात्र दोघांनी मिळून एकदा ठरवायची आणि मग दोघांपैकी कोणीही एकट्याने कमी करायची नाही. दोघांनाही पगार, लहान का असेना, दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. आमच्या भागात पुष्कळ वर्कशॉपमध्ये बाई हिशेब, फोन, रंग, उधारी सगळं सांभाळते आणि कागदावर तिचं नाव कुठेच नसतं. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका. भागीदारीचा करार करा, टक्के लिहा. सरकारी अनुदानाच्या कर्जाचा विचार असेल तर त्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या, कारण पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत कर्ज व्यक्तीच्या नावावर मिळतं आणि नवरा-बायकोपैकी एकालाच. अर्ज तिच्या नावावर असेल तर अनुदानाचा टक्का जास्त आणि स्वतः घालायची रक्कम कमी असते. नोंदणी कोणत्या स्वरूपात करायची हे त्यावरून ठरेल. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

नोकरी दोघांनी एकदम सोडू नका. कोणी आधी सोडायची तर त्याने, कारण शेडमध्ये दिवसभर माणूस लागतो. तिचं छपाईचं काम सुरू राहिलं तर घर चालतं. १२ लाखांतले निदान चार लाख घरखर्चासाठी वेगळ्या खात्यात टाका आणि धंद्याला ते नाहीतच असं धरा. उरलेल्यात हत्यारं, दोन-तीन नमुन्याची कपाटं, जागेची अनामत आणि पहिल्या ऑर्डरींचं सामान आरामात बसतं.

पुढे पूर्ण किचन करावंसं वाटेल आणि करालही. तोपर्यंत मांडणी, घडवंचीचं नवं रूप, ओट्याखाली सरकणारं सुटं कपाट असे आणखी दोन-तीन नग तयार झालेले असतील, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे रेट विचारत न येता तुमचं काम मागत येईल. तेव्हा त्याच सुट्या नगांची जुळणी करून किचन उभं करा.

पहिल्या कपाटाची कट-लिस्ट तयार झाली की कापायला देण्यापूर्वी मला पाठवा. शटरच्या मापात फट वजा केली आहे का, प्लायच्या कडेला लागणाऱ्या पट्टीची जाडी धरली आहे का आणि जाळीच्या पट्टीला खाच किती ठेवली आहे, एवढं मी बघून सांगेन.